पुढचे चाक विकतचे, मागचे घरचे

हार्डवेअरच्या दुकानात दोनशे स्क्रूंचा डबा पंधरा-वीस डॉलरला मिळतो. पत्र्याला पत्रा जोडायचे साधे स्क्रू, लांबी जेमतेम अर्धा इंच, माथा चपटा. टोरांटो, विनिपेग, मिनियापोलिस अशा शहरांत नोव्हेंबर उजाडला की हे डबे नेणाऱ्यांपैकी काहींना पत्र्याचे कोणतेच काम करायचे नसते. ते घरी जाऊन इलेक्ट्रिक सायकलचा एक टायर उतरवतात, त्याला आतून बाहेर एकेक स्क्रू पिळत जातात आणि बर्फावर चालणारा खिळेदार टायर तयार करतात. हाच टायर विकत घ्यायचा, आणि तोही हल्लीच्या जाड चाकांच्या सायकलींना लागणारा चार इंच रुंदीचा, तर एका टायरलाच दोनशे अमेरिकी डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. सायकलीला चाके दोन.

या घरगुती उद्योगाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कारखान्यात तयार न झालेली वस्तू चाकात घालणे म्हणजे जिवाशी खेळ, असे एक बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूला वाटते की स्क्रू तो स्क्रू, बर्फात रुतला म्हणजे झाले. दोन्ही बाजू टायरकडे सबंध वस्तू म्हणून पाहतात आणि तो कोणत्या चाकात बसणार आहे हे विचारतच नाहीत. सगळे उत्तर त्या एका प्रश्नात आहे. घरी केलेला खिळेदार टायर ही खरी उपयोगाची वस्तू आहे, ती करण्याचे कौशल्य जपण्यासारखे आहे; पण इलेक्ट्रिक सायकलीवर तिची जागा मागच्या चाकात आहे. पुढच्या चाकाला कारखान्यातला, कार्बाइडच्या खिळ्यांचाच टायर हवा. पैसे एकाच टायरपुरते असतील तर ते पुढच्या टायरला द्यावेत.

असे का, हे समजायला आधी बर्फाकडे जावे लागते. बर्फ निसरडा असतो कारण त्याच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो. मायकेल फॅरडे यांनी 1850 मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ही कल्पना मांडली होती. कडक थंडीत हा थर क्षीण होतो आणि बर्फ थोडा खरखरीत वाटतो. तापमान शून्याच्या जवळ आले की तोच बर्फ तेल ओतल्यासारखा होतो. त्यामुळे सायकलस्वाराला उणे वीस अंशांपेक्षा उणे दोन अंशांची भीती जास्त. दिवसा वितळलेले पाणी रात्री डांबरावर गोठते, त्याचा पारदर्शक थर रस्त्याच्याच रंगाचा दिसतो आणि रबर कितीही जाड असो, तिथे त्याचा इलाज चालत नाही. जाड टायर भुसभुशीत हिमावर तरंगत जातो हे खरे, पण गुळगुळीत बर्फावर रुंदीचा फारसा उपयोग नाही. तिथे काहीतरी टोकदार रुतावेच लागते. घोड्यांच्या नालांना हिवाळ्यात टोकदार खिळे मारण्याची युरोपातली जुनी पद्धत याच गरजेतून आली.

रुतायला फार कठीण काही लागत नाही. शून्याच्या आसपास बर्फाची कठिणता मोह्सच्या मापावर दीडच्या घरात असते. कुठलाही लोखंडी खिळा त्याला ओरखडतो. खरी झुंज डांबराशी असते. रस्त्याच्या खडीत क्वार्ट्झ असतो, त्याची कठिणता सात. साधे पोलाद त्याहून मऊ. म्हणजे घरचा स्क्रू बर्फावर हरत नाही, तो बर्फ नसलेल्या रस्त्यावर झिजतो, आणि शहरात साफ केलेला रस्ता व गोठलेला रस्ता दर शंभर पावलांवर आलटून पालटून येतात. कारखान्यातल्या खिळ्याच्या टोकाला टंग्स्टन कार्बाइड असते, कठिणता नऊच्या आसपास. ते खडीला पुरून उरते आणि हिवाळ्यामागून हिवाळे टिकते. गंजू नये म्हणून काही जण स्टेनलेसचे स्क्रू घेतात. ते तर पत्र्याच्या कडक केलेल्या स्क्रूपेक्षाही मऊ, लवकर बोथट होणारे. बोथट स्क्रू हा नसलेल्या स्क्रूपेक्षा वाईट असतो, कारण त्याचे गोल गुळगुळीत टोक रबराला जमिनीपासून उचलून धरते आणि स्वतः कशालाच धरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. टायरच्या ज्या उंचवट्यांवर स्क्रू यायचे ते खडूने खुणावतात. मधल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना एकेक ओळ, म्हणजे सरळ जाताना आणि ब्रेक लावताना पकड मिळते. खांद्यांवर आणखी एकेक ओळ, म्हणजे वळताना सायकल कलली की ते खिळे कामाला येतात. खांद्याच्या ओळी आळसाने सोडल्या की पहिल्याच वळणाला त्याची किंमत कळते. मग बारीक बिटाने बाहेरून आत भोक, तेही उंचवट्याच्या बरोबर मध्यावर. कडेला गेले तर रबर फाटून स्क्रू लोळू लागतो. नंतर टायर उलटा करून आतून स्क्रू पिळायचे. अर्ध्या इंचाच्या स्क्रूपैकी तीन-चार मिलिमीटर टोक बाहेर दिसावे. जास्त आले तर ते मडगार्डला किंवा चौकटीला घासते आणि डांबरावर वाकते. कमी आले तर बर्फाला पोचत नाही. एका टायरला शंभर ते दोनशे स्क्रू म्हणजे शंभर ते दोनशे वेळा तेच काम त्याच लक्षाने करायचे. बैलाच्या खुरात पत्री ठोकणारा माणूस जसा प्रत्येक खिळ्याची खोली हाताला जोखत जातो, कारण एक खिळा खोल गेला तर जनावर लंगडते, तशी ही नजर लागते.

हे झाले बाहेरचे. टायरच्या आत आता दोनशे लोखंडी माथे आहेत आणि त्यांच्यावर हवा भरलेली ट्यूब दाबून बसणार आहे. म्हणून मध्ये अस्तर घालतात: जुनी जाड ट्यूब उभी चिरून, दोन्ही कडा नीट बसवून, वर शंखजिऱ्याची पूड मारून. कोणी कापडी चिकटपट्टीचे थर देतात, पण पट्टीचा डिंक थंडीत कडक होतो, तिच्या कडा उलगडतात आणि उलगडलेली कडच ट्यूब कापते. जुन्या ट्यूबचे अस्तर बरे.

इथे घरच्या टायरची सगळ्यात मोठी अडचण समोर येते आणि तिला पक्के उत्तर नाही. हिमात पकड हवी तर टायरमधली हवा कमी करावी लागते. जाड टायर बर्फाळ वाटेवर दहा पीएसआयच्या आतबाहेर ठेवून चालवतात, म्हणजे तो पसरतो आणि जास्त खिळे जमिनीला लागतात. पण हवा कमी झाली की टायरचे कापड प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतले माथे डुलतात आणि अस्तर घासू लागते. हवा वाढवावी तर माथे शांत बसतात, पण पकड जाते. कारखान्यातल्या टायरला हा पेच नसतो, कारण त्याचे खिळे रबराच्या जाडीतच केलेल्या खळग्यांत बसतात, ट्यूबपर्यंत पोचतच नाहीत. जर्मनीची श्वाल्बे कंपनी आपल्या काही हिवाळी टायरांबद्दल उघडच सांगते की रस्ता कोरडा असेल तर हवा वाढवा, बर्फ असेल तर कमी करा. नवे टायर पहिले चाळीस किलोमीटर डांबरावर हळू चालवावेत, जोरात ब्रेक लावू नयेत, म्हणजे खिळे आपापल्या जागी नीट बसतील, असाही तिचा सल्ला आहे. घरी टायर करणाऱ्यानेही हा सल्ला पाळावा आणि अशा फेरीनंतर टायर उतरवून अस्तर तपासावे. तपासणीचा कंटाळा करणाऱ्याने या कामात पडू नये.

साध्या सायकलीवर इतके पुरते. इलेक्ट्रिक सायकलीचा हिशेब वेगळा आहे. साधी सायकल बारा-पंधरा किलोची. जाड टायरांची, बॅटरीवाली सायकल सहज तीस किलोच्या घरात जाते, त्यावर माणूस आणि मागे सामानाची पिशवी. कॅनडात मोटरीला 500 वॉट आणि ताशी 32 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. स्वस्त सायकलींत पॅडल फिरले की मोटर सुरू, थांबले की बंद, एवढेच कळणारा सेन्सर असतो. पायाचा जोर किती हे त्याला कळत नाही. सिग्नल सुटला, पॅडल अर्धे फिरले आणि मोटरने एकदम जोर लावला की मागचे चाक बर्फावर जागीच गरगरते. दोनशे स्क्रू त्या क्षणी आडवे ओढले जातात. साध्या सायकलीवर जो स्क्रू हिवाळाभर टिकला असता तो इथे सैल होतो. पायाच्या जोराप्रमाणे मोटर चालवणारा सेन्सर असलेली सायकल बर्फावर म्हणूनच अधिक भरवशाची, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी मोटर सर्वांत खालच्या पायरीवर ठेवूनच निघावे.

मग घरचा टायर मागच्याच चाकात कशाला, जिथे मोटर त्याला ओरबाडणार? शिवाय मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात असेल तर तिथले पंक्चर म्हणजे शिक्षाच. दोन्ही बाजूंचे मोठे नट पान्याने सोडवा, मोटरच्या वायरचा जोड उपसा, आसाला धरून ठेवणारी पट्टी काढा, चेन बाजूला करा, मग कुठे चाक हातात येते. हातमोजे काढल्याशिवाय यातले काही जमत नाही आणि बोटे पाच मिनिटांत बधिर होतात. हा आक्षेप खरा आहे. तरीही पारडे मागच्याच बाजूला झुकते. मागचे चाक घसरले तर सायकल शेपूट हलवते. स्वार पाय टेकतो, सावरतो, बहुतेक वेळा उभा राहतो. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. हँडल वळते, तीस किलोची सायकल एका बाजूला आणि माणूस खांद्यावर किंवा मनगटावर. मागच्या टायरने दगा दिला तर तासभर वाया जातो. पुढच्याने दिला तर हाड मोडते. घरच्या टायरमधले सगळे स्क्रू एकसारखे झिजत नाहीत, किती शिल्लक राहिले याची खात्री रोज सकाळी देता येत नाही, आणि जिथे खात्री हवीच ती जागा पुढची आहे.

या दोहोंच्या मधलाही एक रस्ता आहे, तो अजून पुरेसा लोकांना ठाऊक नाही. काही कंपन्या जाड टायर खिळ्यांविना विकतात, पण त्यात खिळ्यांचे खळगे तयार ठेवतात. कार्बाइडच्या टोकाचे खिळे सुटे मिळतात, एका छोट्या हत्याराने घरीच दाबून बसवता येतात, आणि पहिल्या वर्षी निम्मे, पुढच्या वर्षी उरलेले असा खर्चही विभागता येतो. बाहेरून रबरात पिळायचे कार्बाइड टोकाचे स्क्रूही असतात. ते ट्यूबपर्यंत पोचणार नाहीत इतके रबर मात्र टायरला असायला हवे. हाताने काम करण्याची हौस आणि पुढच्या चाकाची खात्री, दोन्ही यात सांभाळता येतात.

घरगुती प्रयोगाला नाक मुरडणाऱ्यांनी अलास्काचा इतिहास पाहावा. तिथे 1987 मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर इडिटाबाइक ही सायकल शर्यत सुरू झाली. साधी चाके हिमात रुतत, म्हणून स्पर्धकांनी दोन-दोन रिम एकमेकांना जोडून रुंद चाके घरीच तयार केली. फेअरबँक्सचे सायमन रॅकोवर यांनी त्यातून स्नोकॅट नावाच्या रुंद रिम बाजारात आणल्या. पुढे 2005 मध्ये सर्ली कंपनीची पग्स्ली ही जाड टायरांची सायकल आली आणि आज जगभर विकल्या जाणाऱ्या जाड चाकांच्या इलेक्ट्रिक सायकली त्याच वंशातल्या. 

कायद्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. मोटारींचे खिळेदार टायर रस्ते उखडतात, म्हणून मिनेसोटा राज्याने 1971 मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये उखडलेल्या रस्त्यांच्या धुळीने शहरे हैराण झाली आणि 1990 मध्ये कायदा झाला. सायकलीच्या वजनाने असे नुकसान होत नाही, त्यामुळे त्याच मिनेसोटातली फॉर्टीफाइव्ह नॉर्थसारखी कंपनी सायकलचे खिळेदार टायर विकते. जर्मनीत मात्र एक रेषा आखलेली आहे: ताशी 25 किलोमीटरपर्यंत मदत देणारी सायकल ही सायकल मानली जाते आणि तिला खिळे चालतात, ताशी 45 किलोमीटरपर्यंत जाणारी मोटारवाहनांत मोडते आणि तिला चालत नाहीत. ही रेषा शहाणपणाची आहे. घरी केलेल्या टायरवर ताशी वीसच्या वर जाण्याचे कारण नाही, कायदा काहीही म्हणो.

हे सगळे मराठी वाचकाने का वाचावे? टोरांटोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात जेवण पोचवणाऱ्यांमध्ये भारतातून शिकायला गेलेली मुले मोठ्या संख्येने आहेत, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. त्यांतली बरीच जण इलेक्ट्रिक सायकलीवर असतात. बर्फ पडला की घरबसल्या जेवण मागवणारे वाढतात, म्हणजे जो दिवस रस्त्यावर न जाण्याचा तोच कमाईचा. 2024 च्या हिवाळ्यात टोरांटोच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेने, टीटीसीने, आगीच्या धोक्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत लिथियम बॅटरीच्या सायकली गाड्यांत आणि स्थानकांत आणायला बंदी केली. आगीची भीती खरी आहे. पण त्याचा अर्थ असाही झाला की संध्याकाळी रस्ते गोठले तरी जेवण पोचवणाऱ्या मुलाला सायकल मेट्रोत घालून घरी जाता येत नाही. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, शून्याखाली ती चार्ज करू नये असे बहुतेक कंपन्या बजावतात, त्यामुळे ती खोलीत आणून ऊबदार झाल्यावरच लावावी लागते. फीचे हप्ते, भाडे आणि आठवड्याचा किराणा यांच्या हिशेबात चारशे डॉलरचे दोन टायर बसत नाहीत. डबाभर स्क्रू बसतात. त्याला हे करू नकोस म्हणणे सोपे आहे, पण त्याने त्याचा हिवाळा निघत नाही.

शहराने काय करायचे, हे फिनलंडच्या ओउलूने दाखवले आहे. आर्क्टिक वर्तुळापासून फार लांब नसलेले, दोन लाखांवर वस्तीचे हे गाव. तिथे नऊशे किलोमीटरहून अधिक सायकलवाटा आहेत, मुख्य वाटा सकाळी लोक बाहेर पडण्याआधी साफ होतात, मीठ टाकून चिखल करण्याऐवजी हिम दाबून त्यावर बारीक खडी पसरतात. हिवाळी सायकल काँग्रेसची पहिली बैठक 2013 मध्ये तिथेच भरली. दाबलेल्या थंड हिमावर साधा टायरही बरा चालतो, त्यामुळे ओउलूत खिळ्यांशिवाय सायकल चालवणारे पुष्कळ दिसतात. टोरांटोचे हवामान याहून कठीण, कारण तिथे पारा हिवाळाभर शून्याच्या वरखाली होत राहतो आणि वितळून गोठलेला बर्फ पुनःपुन्हा तयार होतो. तेवढ्याचसाठी तिथल्या सायकलवाटा आधी आणि रोज साफ व्हायला हव्यात. मॉन्ट्रियलमध्ये बिक्सीच्या भाड्याच्या सायकली 2023 पासून हिवाळ्यातही ठेवल्या, त्या खिळेदार टायर बसवूनच. म्हणजे भाड्याने सायकल देणाऱ्याने तो खर्च आपला मानला.

जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांनीही तो आपला मानावा. स्वाराला कंत्राटी म्हणायचे, त्याच्या सायकलीचा आणि पडण्याचा भार त्याच्यावर टाकायचा आणि बर्फाच्या दिवशी जादा मागणीचा फायदा मात्र घ्यायचा, हे चालू देऊ नये. प्रत्येक हिवाळ्याच्या तोंडावर नियमित काम करणाऱ्या सायकलस्वाराला पुढच्या चाकाचा एक कार्बाइड खिळ्यांचा टायर द्यावा, किंवा त्याची किंमत पहिल्या बर्फाआधी खात्यात जमा करावी. शहरांतल्या स्वयंसेवी सायकल कार्यशाळांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन संध्याकाळी राखून मागचा टायर घरी कसा करायचा हे शिकवावे: भोक कुठे पाडायचे, टोक किती बाहेर ठेवायचे, अस्तर कसे घालायचे, आणि मोटर असलेले मागचे चाक काढायचा सराव कसा करायचा. तिथल्या मराठी मंडळांकडे सभागृह असते, ओळखी असतात आणि नव्याने आलेल्या मुलांचे फोन नंबर असतात. गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांची आखणी होते त्याच बैठकीत या दोन संध्याकाळींची तारीख ठरवता येईल.